बँकॉकचा रोपबाजार आणि बालाघाटचं ऊन

बँकॉकला जाणाऱ्या झाडवेड्या माणसानं दोन वार लक्षात ठेवावेत, बुधवार आणि गुरुवार. चतुचकचा बाजार जगभर गाजलाय तो शनिवार-रविवारसाठी. साधारण २७ एकरांचं आवार, पंधरा हजारांच्या घरात गाळे, आणि कपड्यांपासून मांजराच्या पिल्लांपर्यंत जे मागाल ते. आपल्याकडच्या सहल कंपन्या माणसं नेतात ती त्याच दिवशी. पण आठवड्याच्या मधल्या या दोन दिवसांत आवारातले रस्ते रोपांच्या ताब्यात असतात. पहाटे पिकअप गाड्या येऊन लागतात, मागच्या फळ्या खाली पडतात आणि उजाडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्यागार झालेल्या असतात. मो चित हे उन्नत रेल्वेचं किंवा कम्फेंग फेत हे भुयारी रेल्वेचं स्थानक गाठलं, की पुढची वाट विचारावी लागत नाही. समोरून येणाऱ्या माणसांच्या पिशव्यांतून पानं बाहेर डोकावत असतात.

हा बाजार पूर्वी राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानात भरायचा. बँकॉक शहराला दोनशे वर्षं पूर्ण झाली त्या १९८२ सालापर्यंत तो तिथून हलून आजच्या जागी आला. इथं रोपं विकायला बसलेली बरीच माणसं मुळात शेतकरीच आहेत. बँकॉकच्या ईशान्येला नाखोन नायोक प्रांतात ओंखराक नावाचा भाग आहे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाताच्या शेतीसाठी खणलेल्या कालव्यांना नुसते क्रमांक दिलेत. त्यातला ‘ख्लोंग १५’, म्हणजे पंधरावा कालवा, हे थायलंडमधलं रोपवाटिकांचं मोठं केंद्र. कालव्याचं पाणी हाताशी, गाळाची जमीन, वर्षभर दमट हवा. रोप वाढवायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

धाराशिवकडचा माणूस या बाजारात शिरला की पहिली भावना असते ती लोभाची. लालबुंद पानांचे आग्लोनेमा, तळहातापेक्षा मोठ्या पानांचे अँथुरियम, पांढऱ्या फराट्यांचे मॉन्स्टेरा, निळे-जांभळे व्हांडा. सगळं घ्यावंसं वाटतं. अशा वेळी थोडं थांबून भूगोल आठवावा. बँकॉक पावणेचौदा अक्षांशावर आहे आणि धाराशिव सव्वाअठरा अक्षांशाच्या जवळ. दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे पुस्तकी अर्थानं दोन्ही उष्णकटिबंधातलीच. दोन्ही ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. धाराशिवला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलै संपताना. मग बँकॉकच्या पदपथावर ऐटीत उभं असलेलं झाड आपल्या गच्चीवर मेमध्ये काळं का पडतं?

पावसाचं उत्तर सगळ्यांना सुचतं. बँकॉकला वर्षाला साधारण १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या निम्म्यानं, आणि तोही चार महिन्यांत, मध्ये मोठे खंड पडत. पण कुंडीतल्या झाडाला पाणी आपण हातानं घालतो, त्यामुळे पावसाचा फरक भरून काढता येतो. भरून काढता येत नाही तो हवेच्या कोरडेपणाचा फरक. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्याकडे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट आहे. अशा हवेत अजून किती वाफ मावू शकते, ते शास्त्रज्ञ बाष्पदाबाच्या तुटीवरून मोजतात. ४० अंश आणि २० टक्क्यांना ही तूट जवळपास ६ किलोपास्कल भरते. बँकॉकला ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ती २ किलोपास्कलच्या जरा वर असते. म्हणजे धाराशिव ज्या डोंगररांगेत आहे त्या बालाघाटची हवा पानातून पाणी ओढते ती बँकॉकच्या पावणेतीन पट जोरानं. कुंडीतली माती ओली असली तरी मुळांना तेवढं पाणी त्या वेगानं वर पोचवता येत नाही. मग झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, पान थंड राहायचं थांबतं, कडा करपतात. आपण म्हणतो पाणी कमी पडलं आणि अजून ओततो, आणि उरलेली मुळं कुजतात. मे महिन्यात महागडी झाडं मरतात त्यातली पुष्कळशी अशी पाण्यात बुडून मरतात.

हा एक हिशोब डोक्यात ठेवला की बाजार वेगळा दिसायला लागतो. दिसेल त्या झाडाला विचारायचं, तुझं मूळ गाव कोणतं आणि तिथं दुपारची हवा कशी असते?

आग्लोनेमा आग्नेय आशियातल्या जंगलांच्या तळाशी वाढतो, उंच झाडांच्या गर्द सावलीत. मूळचा तो हिरवा. लाल रंग आला सुमात्रा बेटावरच्या एका जातीतून. इंडोनेशियाचे संकरक ग्रेगोरी हंबाली यांनी १९८० च्या दशकात तिचा संकर करून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हे वाण काढलं आणि त्यानंतर थायलंडच्या लोकांनी लाल-गुलाबी पानांचा ध्यासच घेतला. आपल्याकडे हे झाड उत्तरेकडच्या खोलीत जगतं, पण त्याला उन्हाळ्यापेक्षा हिवाळा जड जातो. डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांवर उतरला की पानं मलूल होतात. १५ अंशांखालची थंडी त्याला मानवत नाही. फराट्यांच्या मॉन्स्टेराची गोष्ट आणखी नाजूक. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, म्हणून तिथं अन्न तयार होत नाही आणि ऊन लागलं की आधी तोच भाग करपतो. महामारीच्या काळात या झाडांच्या किमती अफाट चढल्या होत्या; उतिसंवर्धनानं रोपं भरपूर निघायला लागल्यावर त्या उतरल्या. कॅलेडियम मात्र आपल्या चांगल्या कामाचं. अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातून आलेला हा कंद कोरड्या दिवसांत पानं टाकून झोपतो आणि पाऊस पडला की उठतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडवीत त्याची शोभा बघावी आणि नंतर कंद कोरड्या वाळूत ठेवून द्यावा.

आता ज्या गल्लीसाठी मी मुद्दाम बुधवार धरला, ती अडेनियमची गल्ली.

अडेनियमचं मूळ घर आफ्रिकेतला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानाचा दक्षिण भाग. खडक, वाळू, वर्षातले मोजके पावसाचे दिवस. खोडाचा बुंधा फुगवून हे झाड त्यात पाणी साठवतं. थायलंडमध्ये ते परकंच, पण रंग आणि आकाराचे प्रकार तिथं इतके निघाले की जगाच्या बाजारात अडेनियम म्हटलं की थायलंडचंच नाव निघतं. अरबस्तानी जातीपासून निवडलेला, रुंद बुंध्याचा ‘याक सौदी’ आणि आखूड पेरांचा, गच्च फांद्यांचा ‘थाई सोको’ हे शब्द त्या गल्लीत सतत कानावर पडतात.

एका विक्रेतीच्या पाटावर शेंगा आलेली झाडं होती. शेंगा जोडीजोडीनं आलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या बाहेर वळलेल्या, आणि प्रत्येक शेंगेला दोऱ्याचे चार-पाच वेढे. मी खुणेनं विचारलं तेव्हा तिनं एक वाळलेली शेंग सोडून दाखवली. आत नळीसारखं बारीक बी आणि बीच्या दोन्ही टोकांना रेशमी तंतूंचे झुपके. दोरा नसेल तर वाळलेली शेंग तडकते, बी वाऱ्यावर उडतं आणि वर्षाची मेहनत गेली. कारण अडेनियमच्या फुलात पराग इतके आत दडलेले असतात की चांगलं बी हवं तर परागीकरण बहुतेक वेळा हातानं करावं लागतं. फुलाची बाजू चिरायची, बारीक कुंचल्यानं पराग काढायचे आणि दुसऱ्या फुलात नेमक्या जागी ठेवायचे. तो झुपका पाहून आपल्याला ओळख पटायला हवी. आपल्या बांधावरच्या रुईचं बी असंच उडतं, फक्त तिच्या बीला झुपका एकाच टोकाला असतो. रुई, कण्हेर, चाफा आणि अडेनियम ही एकाच कुळातली भावंडं. चौघांचाही चीक विषारी. आफ्रिकेत अडेनियमच्या चिकाचं विष बाणांच्या टोकांना लावत. अडेनियमची कलमं कण्हेरीच्या खुंटावरही बांधली जात, ती याच नात्याच्या जोरावर. तुळजापूरच्या रस्त्याला भर उन्हात रुई ज्या ताठ्यानं उभी असते ते आठवलं, की अडेनियम आपल्याकडे का रमेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

बुंधा घ्यावा तो बियांच्या झाडाचा. फांदी लावून केलेल्या झाडाला सहसा तसा गोल, डौलदार बुंधा येत नाही. म्हणून तिथं आधी बियांपासून खुंट तयार करतात आणि त्यावर हव्या त्या रंगाच्या फुलाचा शेंडा पाचर मारून बसवतात. जोड उघडा राहू नये म्हणून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी गुंडाळतात. दर वेळी कुंडी बदलताना झाड थोडं वर उचलून बसवायचं, म्हणजे जाड मुळं उघडी पडत जातात आणि बुंध्याचाच भाग वाटायला लागतात. विक्रेत्यांच्या मांडणीतली काही झाडं अशी वर्षानुवर्षं घडवलेली होती. ती विकायची नसतात. ती समोर ठेवायची, गिऱ्हाइकानं थांबावं म्हणून.

त्याच रांगेत मोठ्या फुलांचा युफोर्बिया मिली होता. हा मादागास्करचा. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांनी तो जोपासला. एका गुच्छात आठ फुलं आली तर घरात भाग्य येतं अशी त्यांची श्रद्धा, आणि त्या आठ फुलांच्या हौसेनं फुलांचा आकार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. धाराशिवच्या उन्हात हे झाड बाराही महिने फुलतं. पाण्याचा हात आखडता ठेवला की त्याला दुसरं काही लागत नाही.

फळझाडांच्या बाजूला गेलात तर ओळखीची मंडळी भेटतात. सीताफळ अमेरिकेतलं, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या काळात आशियात पसरलं, आणि आज बालाघाटच्या उघड्या डोंगरांवर ते इतकं रानटी झालंय की परकं म्हणवत नाही. थायलंडमध्येही ते तितकंच घरचं. चिंच आफ्रिकेतली; ती आपल्याकडे इतक्या आधी आली की तिच्या येण्याची तारीखच नाही. चतुचकच्या रस्त्यापलीकडे ओ तो को नावाचा फळभाज्यांचा देखणा बाजार आहे. तिथं फेचाबून प्रांताची गोड चिंच टरफलासकट खोक्यांत रचून विकतात, आपण खजूर विकतो तशी. बार्शीच्या अडतीत चिंचेचे ढीग पाहिलेल्या माणसाला ती खोकी बघून विचारात पडायला होतं. चिंच तीच, झाडाला लागणारं पाणी तेवढंच कमी. थायलंडनं गोड झाडं निवडून त्यांची कलमं केली आणि टरफल न फुटू देता शेंग उतरवायची शिस्त लावली. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात पानचिंचोलीच्या पटडी चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निवड आणि कलम ही दोन कामं आपल्याकडेही होण्यासारखी आहेत आणि ती व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

ड्रॅगनफ्रूटचे काटेरी तुकडे तिथं ढिगानं मिळतात. मध्य अमेरिकेतला हा वेलीसारखा चढणारा निवडुंग एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांबरोबर व्हिएतनामला आला आणि तिथून सगळीकडे गेला. बारामतीजवळ माळेगावला कृषी अनुसंधान परिषदेची अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. माळरानावर हे फळ कसं घ्यावं यावर तिनं बरंच काम केलं. हा निवडुंग पानांऐवजी खोडावरची छिद्रं रात्री उघडतो, गारव्यात हवा आत घेतो आणि दिवसा दारं लावून बसतो. त्यामुळे पाणी थोडं पुरतं. तरी तो मूळचा झाडांच्या विरळ सावलीतला. आपल्याकडे मेच्या उन्हात खांबावरच्या फांद्या पिवळ्या-पांढऱ्या पडतात, म्हणून शेतकरी वर हिरवी जाळी ओढतात.

ऑर्किडांच्या गल्लीत मात्र डोळे उघडे ठेवून हिंडावं. प्रयोगशाळेत वाढवलेली डेंड्रोबियम आणि व्हांडा हा थायलंडचा मोठा, सचोटीचा धंदा आहे. पण त्याच बाजारात जंगलातून ओरबाडलेली झाडंही येतात. जेकब फेल्प्स आणि एडवर्ड वेब या संशोधकांनी थायलंडच्या रोपबाजारांची पाहणी करून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रानातून काढून विकायला आणलेल्या ऑर्किडांच्या तीनशेहून अधिक जाती मोजल्या होत्या. असं झाड ओळखता येतं. मुळं तुटलेली, काही मुळांना झाडाची साल चिकटलेली, पानांवर किड्यांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा, शेवाळ, आणि कुंडीऐवजी जुड्या बांधलेल्या. रोपवाटिकेतलं झाड एकसारखं, स्वच्छ आणि कुंडीत मुळं भरलेलं असतं. सगळी ऑर्किडं आणि जवळजवळ सगळे निवडुंग १९७३ च्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. भारत त्यात १९७६ मध्ये आला, थायलंड १९८३ मध्ये. जुडीतलं ऑर्किड विकत घेणारा माणूस कुठल्यातरी डोंगरावरची एक फांदी रिकामी करतो, आणि ते झाड बहुधा त्याच्या घरीही जगत नाही.

त्या गल्लीच्या तोंडाशीच मराठी कानावर पडलं. लातूरकडचं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात लाल आग्लोनेमाच्या कुंड्या होत्या. मला आपल्याकडचा ओळखून त्यांनी विचारलं, “दादा, आमच्या हिला ही झाडं लई आवडायलीत. बॅगेत घातली तर धरतेत का?”

“मुळाला ओलं फडकं गुंडाळलं की आठ दिवस काय होत नाही की,” वहिनी म्हणाल्या.

झाड जगलं असतं, त्यांचं खरंच होतं. अडचण झाडाची नव्हती. मी विचारलं, शेती काय आहे? डाळिंब, ते म्हणाले. मग मी तेल्याची आठवण काढली.

“तेल्या म्हणलं की कळालं बघा. आमची बाग उपटून बांधावर जाळली की.” त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. पानांवर तेलकट डाग, मग फळाला तडे, मग बाग हातची गेली. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये दिल्लीला झाली. आपल्याकडे त्यानं हाहाकार माजवला तो या शतकाच्या सुरुवातीला. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं त्या काळात हाच प्रश्न सगळ्यांत पेटलेला होता. रोग पावसाच्या थेंबांनी शेजारच्या झाडावर जातो, पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तो मुख्यतः गेला गुटी कलमांतून. रोगट बागेत बांधलेली गुटी वरून हिरवीगार दिसते. शेतकऱ्यानं विश्वासानं विकत घेतलं ते रोप, आणि त्याबरोबर रोगही लावला.

सीमेपलीकडून येणाऱ्या झाडाबाबत हाच धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण इथं त्या किडीचा किंवा रोगाचा नैसर्गिक शत्रू नसतो. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर एक पिठ्या ढेकूण पहिल्यांदा सापडला. मूळचा मेक्सिकोकडचा. पपईवरून तो तुतीवर गेला आणि रेशीम उत्पादकांचं कंबरडं मोडलं. नंतर महाराष्ट्रातही आला. औषधं फवारून तो आटोक्यात येईना. शेवटी २०१० मध्ये त्याच्यावर जगणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या जातीची परोपजीवी माशी पोर्तो रिकोहून आणून सोडली, तेव्हा कुठे तो आवरला. धाराशिवमध्ये तुती लावून रेशीम घेणाऱ्या घरांनी ही गोष्ट माहीत करून घ्यायलाच हवी. द्राक्षवाल्यांसाठी तर याहून जुना दाखला आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून हौसेनं आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्सला पोचली आणि तिथले मळेच्या मळे वाळले. अमेरिकेतल्या रानवेलींची मुळं ती कीड सोसतात, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्ष बांधून मळे पुन्हा उभे केले. खुंटावर द्राक्ष बांधायची ही रीत आज आपल्याकडेही आहे. तुळजापूर-नळदुर्गकडच्या बागांत द्राक्ष उभं असतं ते टेक्सासमधल्या रानवेलीपासून आलेल्या डॉगरिज खुंटावर. कारण तेवढं वेगळं, आपल्याला तो खुंट लागतो क्षार आणि पाण्याचा ताण सोसायला.

म्हणूनच कायदा कडक आहे आणि तो असावाच. १९१४ च्या विध्वंसक कीड व रोग कायद्याखाली काढलेला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश सांगतो, की लागवडीसाठी रोप, कलम, कंद किंवा बी आणायचं तर आधी आयात परवाना हवा आणि मूळ देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवं. माती तर आणताच येत नाही. विमानतळावर उतरल्यावर झाड, बी जवळ असेल तर ते सांगणं प्रवाशाला बंधनकारक आहे. या दारातून झाडं येऊ शकत नाहीत असं मात्र नाही. १९८८ च्या बियाणे धोरणानंतर लागवडीचं साहित्य रीतसर आणणं बरंच सुलभ झालं. आपल्याकडच्या मोठ्या रोपवाटिका थायलंडहून अडेनियम हजारोंनी मागवतात. ती झाडं येतात मुळं धुऊन, मातीचा कण नसलेली, पानं काढून, कागदात गुंडाळून खोक्यांत रचलेली. बुंध्यात पाणी असल्यामुळे ती काही आठवडे मातीविना राहू शकतात. ज्या गुणामुळे हे झाड वाळवंटात टिकलं, त्याच गुणामुळे ते तपासणीच्या चाळणीतून सुखरूप पार होतं.

लातूरच्या त्या दोघांनी शेवटी उथळ मातीच्या कुंड्या घेतल्या, एक चांगली कात्री आणि कलमाची पट्टी घेतली. चतुचकमधून आणण्यासारख्या खऱ्या वस्तू याच. हत्यारांचं आणि कुंड्यांचं वैविध्य तिथं रोपांइतकंच मोठं आहे, आणि त्यांना परवाना लागत नाही.

रोपं घ्यायची तर आपल्याच देशातला चतुचक आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम आणि कडियपुलंका ही गावं. महामार्गाच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल रोपवाटिका. तिथंही पाया कालव्यांचाच. आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला आणि त्या पाण्यावर हा सगळा भाग भिजला. पावसाळ्याच्या तोंडाला मराठवाड्यातल्या रोपवाटिकांत ट्रक रिकामे होतात त्यातली बरीच झाडं याच पट्ट्यातली असतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला आपण आणि मुखाशी ते; हवा मात्र दोन टोकांची.

फळझाडांसाठी तर इतकंही लांब जायला नको. धाराशिवच्या हद्दीला लागून बार्शी तालुक्यात गोरमाळे आहे. तिथले शेतकरी नवनाथ कसपटे यांनी सीताफळाची झाडं वर्षानुवर्षं पारखून ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण निवडलं. मोठं फळ, गर जास्त, बिया कमी, आणि पिकल्यावरही बाजारापर्यंत टिकणारं. शेतकऱ्यानं काढलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा भारतानं २००१ मध्ये केला, आणि त्याखाली या वाणाची नोंद झाली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘किशमिश चोर्नी’ या परदेशी काळ्या द्राक्षातून ‘शरद सीडलेस’ निवडलं, त्याची गोष्टही याच मातीतली. परदेशातून आलेल्या झाडाला आपल्या उन्हात उभं करून, त्यातून आपलं झाड शोधणारी ही माणसं आहेत. बाजारात हिंडताना मला त्यांचाच अभिमान जास्त वाटला.

आता रोप घरी आल्यावरचं. कडियमचं रोप पुष्कळदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तसाच गोळा मुरमाच्या खड्ड्यात ठेवला तर भोवतीचा मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो आणि गोळा आतून कोरडा दगड बनतो. लावण्याआधी गोळा पाण्यात ठेवून कडेची माती हलक्या हातानं सैल करावी आणि बाहेरची मुळं मोकळी करावीत. थाई पद्धतीची रोपं नारळाच्या भुशात येतात. भुसा एकदा पूर्ण वाळला की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेनं खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. अशी कुंडी बादलीत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. दमट हवेतून आलेलं कुठलंही झाड पहिले काही आठवडे जाळीखाली राहू द्यावं, आणि मार्चनंतर आणलेलं असेल तर पावसाळा सुरू होईपर्यंत. नवी पानं इथल्या हवेत उघडली की ती जरा जाड येतात. तेव्हा ऊन दाखवावं.

अडेनियमला मात्र आल्या दिवसापासून ऊन हवं. कुंडी उथळ, तळाला मोठी भोकं, मातीत निम्मा मुरूम किंवा जाड वाळू. पावसाळ्यात संततधार लागली तर पत्र्याखाली घ्यावं. नोव्हेंबरअखेर पाणी तोडत आणावं. डिसेंबरात पानं गळतात, ते दुखणं नाही. अशा वेळी बुंधा दोन बोटांनी दाबून बघावा. टणक लागला तर झाड ठीक आहे. थोडा मऊ लागला तर तहानलंय, आठवड्याला एक तांब्या पुरे. एकाच बाजूला खचल्यासारखा, ओलसर लागला तर मूळ कुजतंय. कुंडीतून काढावं, धारदार सुरीनं निरोगी पांढरा गर लागेपर्यंत कापावं, हळद किंवा बुरशीनाशक लावून आठवडाभर सावलीत वाळवावं आणि मग कोरड्या मुरमात बसवावं. कापताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, लेकरं जवळ नसावीत, आणि हात साबणानं धुवावेत. छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढायला लागल्यावर करावी. कापलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन-तीन डोळे फुटतात आणि एप्रिलमध्ये, बाकीची बाग माना टाकत असताना, त्यांच्यावर कळ्या दिसायला लागतात.